टपालानं न येणारी गोष्ट: वॉवमध्ये प्रोफेशन कधी बदलायचं?

वॉव क्लासिकमध्ये, म्हणजे ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन गेमच्या जुन्या आवृत्तीत, प्रोफेशन (पात्रानं शिकलेलं कसब) सोडायला जेमतेम पाच सेकंद लागतात. स्किलची खिडकी उघडायची, त्या प्रोफेशनच्या पट्टीजवळचं छोटं चिन्ह दाबायचं, गेम विचारतो ‘नक्की ना?’, आपण हो म्हणायचं. महिनोन्‌महिने वाढवलेलं स्किल शून्य. शिकलेल्या सगळ्या रेसिपी गायब. उद्या तेच प्रोफेशन परत घ्यायला गेलात तर शिक्षक ओळखसुद्धा दाखवत नाही, बिगरीपासून सुरुवात.

डिसेंबर २०२२ मध्ये मी ते चिन्ह दाबलं. माझ्या पॅलाडिनकडे, म्हणजे गेममधल्या माझ्या योद्ध्याकडे, माइनिंग (खाणकाम) आणि ज्वेलक्राफ्टिंग (खड्यांना पैलू पाडणं) होतं. पैलू पाडलेल्या खड्यांचे भाव पडले होते, सर्व्हरवर जो तो खडेच कापत बसला होता. मी वैतागून ज्वेलक्राफ्टिंग सोडलं आणि ब्लॅकस्मिथिंग, म्हणजे लोहारकाम, घेतलं. माइनिंग ठेवलं, कारण धातू घरचाच मिळेल. गिल्डमधल्या (एकत्र खेळणाऱ्यांच्या आमच्या गटातल्या) सांगलीच्या मित्राला मोठ्या कौतुकानं सांगितलं, तर तो म्हणाला, “अरे, धरायचं ते सोडलंस आणि सोडायचं ते धरून बसलास!” त्याचं म्हणणं नीट कळायला मला महिना लागला. तो महिना तुमचा वाचावा म्हणून हे लिहितोय.

ज्यांनी हा गेम कधीच पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट, बोलीभाषेत वॉव, हा ब्लिझार्डचा गेम नोव्हेंबर २००४ मध्ये आला. हजारो खेळाडू एकाच जगात वावरतात, प्रत्येकाचं एक पात्र असतं, आणि मोठ्या राक्षसांना मारायला दहा-पंचवीस जणांची टोळी जमवावी लागते. त्या मोहिमेला रेड म्हणतात. २०१९ पासून कंपनीनं गेमच्या जुन्या आवृत्त्या ‘क्लासिक’ या नावानं पुन्हा चालू केल्या. त्यातली ‘रॅथ ऑफ द लिच किंग’ मुळात २००८ ची, क्लासिकमध्ये सप्टेंबर २०२२ ला आली आणि २०२४ मध्ये पुढच्या आवृत्तीनं तिची जागा घेतली. या लेखातली बहुतेक उदाहरणं तिथलीच आहेत, कारण प्रोफेशन बदलण्याचा प्रश्न सगळ्यात चुरशीचा तिथे होता.

लढाईखेरीज प्रत्येक पात्राला कसब शिकता येतं. रॅथमध्ये मुख्य प्रोफेशन अकरा, आणि एका पात्राला त्यांतली दोनच. माइनिंग, हर्बलिझम, स्किनिंग ही तीन गोळा करण्याची: धातू खणा, वनस्पती तोडा, कातडी काढा. उरलेली आठ बनवण्याची: लोहारकाम, शिवणकाम, चामडं, औषधं, खडे, यंत्रं, मंत्र आणि शाई. स्वयंपाक, मासेमारी आणि मलमपट्टी ही दुय्यम, ती सगळ्यांना सगळी घेता येतात, त्यामुळे त्यांचा प्रश्नच नाही. स्किल १ पासून ४५० पर्यंत चढतं. चढवायला वस्तू बनवत राहायच्या, वस्तूंना माल लागतो, मालाला गोल्ड, म्हणजे गेममधला पैसा, लागतं.

आता मुद्दा. प्रोफेशन बदलावं का, असं कुणी विचारलं की मी उलट एकच विचारतो: तुला त्यातून हवी असलेली गोष्ट टपालानं येते का?

गेममध्ये टपालपेट्या आहेत. एका पात्रानं बनवलेलं औषध, खडा, चिलखत दुसऱ्या पात्राला पेटीतून पाठवता येतं. स्वतःच्याच दुसऱ्या पात्राला पाठवलं तर लगेच पोचतं, परक्याला पाठवलं तर तासाभरानं. तलवार हवीय? ती कुणीतरी बनवेल आणि तुम्ही ऑक्शन हाउसमधून, म्हणजे गेममधल्या लिलावबाजारातून, विकत घ्याल. गोल्ड हवंय? तेही टपालानं येतं. पण काही गोष्टी प्रोफेशन ज्याच्या अंगी आहे त्यालाच लागू होतात. ब्लॅकस्मिथ स्वतःच्या मनगटपट्टीला आणि हातमोज्याला एकेक जादा खाच पाडून घेतो आणि तिथे खडा बसवतो. एन्चांटर स्वतःच्या दोन अंगठ्यांवर मंत्र घालतो. ज्वेलक्राफ्टर ‘ड्रॅगन्स आय’ नावाचे तीन खास खडे वापरू शकतो, जे इतरांना चालतच नाहीत. हे टपालानं येत नाही. कितीही गोल्ड ओतलं तरी नाही.

या एका चाळणीतून निम्म्याहून जास्त लोकांचा प्रश्न तिथल्या तिथे सुटतो. पैसा मिळवण्यासाठी मुख्य पात्राचं प्रोफेशन बदलायची गरज नसते. त्यासाठी दुसरं पात्र काढायचं. अंगी लागणाऱ्या फायद्यासाठी मात्र मुख्य पात्राचंच बदलावं लागतं, तिथे पर्याय नाही. मी डिसेंबरात नेमकं उलटं केलं होतं: पैशाच्या रागानं लढाईचं प्रोफेशन सोडलं.

किती नुकसान झालं ते आकड्यांत बघू. पाटी-पेन्सिलीचं गणित आहे, घाबरू नका.

माझ्या पॅलाडिनला ताकद, म्हणजे स्ट्रेंग्थ, हवी असते. ड्रॅगन्स आयचा ताकदीचा खडा ३४ देतो. कंपनी गेम टप्प्याटप्प्यानं उघडते; रॅथच्या पहिल्या टप्प्यांत बाजारात मिळणारा चांगला लाल खडा, स्कार्लेट रूबी, १६ देत असे. फरक १८. असे तीन खडे, म्हणजे ज्वेलक्राफ्टिंगचा निव्वळ फायदा ५४. ब्लॅकस्मिथिंगच्या दोन जादा खाचांत तीच स्कार्लेट रूबी बसवली तर दोनदा १६, म्हणजे ३२. आणि माइनिंग? ते अंगी ६० स्टॅमिना देतं, म्हणजे जीव थोडा वाढतो. मागे उभा राहून तलवार चालवणाऱ्याला त्याचा उपयोग जवळपास शून्य. म्हणजे मी ५४ देऊन ३२ घेतले आणि वर शून्यवालं जपून ठेवलं.

हेच गणित सहा महिन्यांनी निराळं झालं असतं. जून २०२३ मध्ये क्लासिकला ‘ट्रायल ऑफ द क्रुसेडर’ या रेडचा टप्पा उघडला आणि त्याच्याबरोबर नवे, वरच्या दर्जाचे खडे आले. कार्डिनल रूबी ताकदीत २० देते. मग ज्वेलक्राफ्टिंगचा फरक १४, तीनदा ४२. ब्लॅकस्मिथिंगचा दोनदा २०, म्हणजे ४०. पहिल्या टप्प्यातली २२ ची दरी दोनवर आली. जादूगारांना लागणाऱ्या जादूच्या जोराचंही तसंच: तिथे ६० विरुद्ध ३८ होतं, ते ४८ विरुद्ध ४६ झालं. प्रोफेशन तीच, खेळाडू तोच. बाजारात नवा खडा आला आणि कालचा हुकमी सल्ला शिळा झाला.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. ड्रॅगन्स आयचा आकडा स्थिर आहे. त्याचा फायदा ‘इतरांना काय मिळतं’ यावर ठरतो, आणि इतरांना मिळणारं वाढत जातं. ब्लॅकस्मिथची खाच मात्र रिकामी जागा आहे. तिच्यात जे घालाल तेवढी तिची किंमत, त्यामुळे खडे सुधारले की तीही सुधारते. कुठलंही प्रोफेशन घेताना हे बघावं: याचा फायदा ठरीव आहे की बाजाराबरोबर वाढणारा? ठरीव फायदा सुरुवातीला घसघशीत दिसतो आणि हळूहळू पातळ होतो.

बाकीच्यांची मांडणी बघितली तर ब्लिझार्डनं किती बारकाईनं तराजू धरला होता ते कळतं. एन्चांटरच्या दोन अंगठ्यांवर प्रत्येकी ४० अटॅक पॉवर, म्हणजे हल्ल्याचा जोर, मिळून ८०. लेदरवर्कर मनगटपट्टीला आतून कातडी अस्तर लावतो, त्याचे १३०. इतरांना तिथे ५० चा मंत्र मिळतो, फरक ८०. शाईवाला, म्हणजे इन्स्क्रिप्शनचा माणूस, खांद्यावर १२० घेतो, इतरांना तिथे ४०, फरक पुन्हा ८०. अल्केमीवाल्याला, म्हणजे औषधं बनवणाऱ्याला, स्वतः प्यायलेल्या फ्लास्कचा (औषधाच्या कुपीचा) असर जास्त होतो, तिथेही ८० च. एक ताकद म्हणजे पॅलाडिनला साधारण दोन अटॅक पॉवर, तेव्हा वरचे चाळीस-बेचाळीस म्हणजे हेच ऐंशी. सगळी माणसं एकाच मापाच्या चपला घालून उभी.

म्हणून शेवटच्या टप्प्यांत ‘मी एन्चांटिंग सोडून लेदरवर्किंग घेऊ का?’ असं कुणी विचारलं की हसू येतं. ऐंशी सोडून ऐंशी घ्यायचे आणि मध्ये हजारो गोल्ड मालात घालवायचे. हौस असेल तर खुशाल करा.

पण फरक आकड्यात नसला तरी भोवतीच्या कटकटीत असतो. इन्स्क्रिप्शनचंच घ्या. खांद्यावरचा चांगला मंत्र इतरांना ‘सन्स ऑफ होडिर’ या बर्फाळ राक्षसांशी एकदम वरच्या दर्जाची मैत्री केल्याशिवाय मिळत नाही. त्यासाठी रोज त्यांच्या दारी जाऊन तीच ती कामं करायची. शाईवाला ते सगळं टाळतो. ज्याला होडिरच्या पोरांचं तोंडच बघायचं नाही, त्याच्यासाठी इन्स्क्रिप्शनचे ऐंशी इतर ऐंशींपेक्षा जड आहेत. हे कुठल्याही तक्त्यात दिसणार नाही.

तसंच, कोण खेळतंय यावर प्रोफेशनची किंमत फिरते. माइनिंगला मी शून्य म्हटलं, पण आमच्या गिल्डचा टँक, म्हणजे सगळा मार अंगावर घेणारा गडी, माइनिंग सोडायला तयार नव्हता आणि त्याचं बरोबर होतं. त्याला स्टॅमिनाच हवा असतो. माइनिंगचे ६०. ब्लॅकस्मिथिंगच्या दोन खाचांत वरच्या दर्जाचे निळे खडे, दोनदा ३०, म्हणजे ६०. लेदरवर्किंगचा फरक ६२. तीन-चार हजार गोल्ड घालून शून्य किंवा दोन मिळवायचे! माझ्यासाठी जे ओझं तेच त्याच्यासाठी सोनं. दुसऱ्याच्या पात्रासाठी लिहिलेला सल्ला आपल्या पात्राला लावणं ही चूक मात्र जो तो एकदा तरी करतोच.

आता खर्चाची बाजू. इथे बहुतेकांचा हिशेब कच्चा राहतो, कारण ते फक्त माल मोजतात. तांबं, कथील, लोखंड, थोरियम, कोबाल्ट, सॅरोनाइट किती लागेल याची यादी करतात, ऑक्शन हाउसचे भाव लावतात आणि म्हणतात, एवढ्यात होतंय. होतंय, पण तो परत मिळवता येणारा खर्च आहे. गोल्ड गेलं तर पुन्हा कमावता येतं. परत न मिळणारा खर्च वेळेच्या कुलपात असतो.

ज्वेलक्राफ्टिंगच्या बहुतेक चांगल्या रेसिपी दलारन शहरात टोकन देऊन घ्याव्या लागतात. रोजचं एक काम केलं की टोकन एक. ते काम दिवसाला एकदाच. एकेका रेसिपीला कित्येक टोकन, आणि ड्रॅगन्स आय घ्यायलाही टोकनच. मी ज्वेलक्राफ्टिंग सोडलं तेव्हा सुमारे दीड महिन्याची टोकनं रेसिपींत गुंतलेली होती. जानेवारीत ‘उल्डुआर’ हा नवा रेड उघडल्यावर शहाणपण सुचलं, माइनिंग सोडलं आणि ज्वेलक्राफ्टिंग पुन्हा घेतलं. स्किल दोन संध्याकाळी चढलं, खिसा रिकामा झाला एवढंच. टोकनं मात्र पुन्हा पहिल्या दिवसापासून, रोज एक. फेब्रुवारीचा अख्खा महिना लोक माझ्याकडे खडा कापून मागत आणि मी ‘ती रेसिपी नाही रे माझ्याकडे’ म्हणत असे. जी दोन महिन्यांपूर्वी होती.

इन्स्क्रिप्शनचंही तसंच आहे. नव्या ग्लिफचा (शाईनं बनवायच्या जादूच्या खुणेचा) शोध दिवसातून एकदा लागतो आणि कुठला लागेल ते नशिबावर. अल्केमीच्या संशोधनाला त्याहून मोठी वाट बघावी लागते. अशा प्रोफेशनचं वय स्किलच्या आकड्यात दिसत नाही. ४५० वाले दोघे शेजारी उभे असले तरी एकाकडे वर्षाचं ज्ञान असतं आणि दुसऱ्याकडे कालचं. उलट ब्लॅकस्मिथिंगमध्ये तुम्ही फक्त दोन खाचांसाठी असाल, तर तुमच्यामागे फारसं काही कुलूपबंद नाही. ते सोडणं स्वस्त. म्हणून दोघांतलं एक सोडायची वेळ आली तर ज्याच्यात दिवस गुंतलेत ते ठेवा, ज्याच्यात फक्त गोल्ड गुंतलंय ते सोडा.

खर्च कमी करायची एक युक्ती आहे, ती फार लोक वापरत नाहीत. ४५० पर्यंत चढायचीच गरज नसते. ब्लॅकस्मिथच्या खाचा, अंगठ्यांचे मंत्र, चामड्याचं अस्तर, खांद्याची शाई, हे सगळं ४०० ला मिळतं. ड्रॅगन्स आय कापायला तर ३७० पुरे. शिवणकामाचा झग्यावरचा भरतकामाचा फायदा ४२० ला येतो. आणि शेवटचे पन्नास पॉइंटच सगळ्यात महाग असतात, कारण वरची रेसिपी प्रत्येक वेळी पॉइंट देतेच असं नाही आणि तिला माल भरमसाट लागतो. ज्याला फक्त अंगचा फायदा हवा त्यानं ४०० ला (शिंप्यानं ४२० ला) थांबावं. पट्टी पूर्ण भरलेली दिसली नाही म्हणून चैन पडत नसेल तर तो वेगळा आजार.

वेळेबद्दल. ‘कधी’ हा खरा प्रश्न आहे आणि त्याला माझं उत्तर आहे: नवा टप्पा उघडायच्या दोन-तीन आठवडे आधी, जेव्हा लोक कंटाळलेले असतात. रेड सगळ्यांच्या पाठ झालेल्या असतात, बरेच जण सुट्टीवर गेलेले असतात, माल पडून असतो. टप्पा उघडला की सगळा गाव बाजारात उतरतो आणि मग वरातीमागून घोडं नाचवायला दुप्पट पैसे पडतात. रॅथच्या सुरुवातीला तर खालच्या दर्जाचं तांबं आणि साधी वनस्पतीही महाग व्हायचं एक खास कारण होतं: डेथ नाइट. हा नवा वर्ग थेट पंचावन्नाव्या लेव्हलला जन्मतो, पण प्रोफेशनमध्ये कोराच असतो. हजारो धटिंगण, अंगावर काळं चिलखत, आणि सगळे नवशिक्यांच्या रानात तांब्याच्या खाणीमागे पळतायत.

गर्दीच्या मागे जाण्यातला दुसरा धोका २०२१ च्या बर्निंग क्रुसेड क्लासिकनं, म्हणजे रॅथच्या आधीच्या आवृत्तीनं, दाखवला. लेदरवर्कर ढोल बनवत. ‘ड्रम्स ऑफ बॅटल’ वाजवला की जवळच्या साथीदारांचा वेग अर्ध्या मिनिटासाठी वाढे आणि मग दोन मिनिटं तो ढोल वाजत नसे. म्हणजे पाच जणांच्या गटात चार ढोलकरी असतील तर पाळीपाळीनं वाजवून असर अखंड ठेवता येतो. अनेक गिल्डांनी आपल्या माणसांना सांगितलं: सगळ्यांनी लेदरवर्किंग घ्या. लोकांनी शिवणकाम सोडलं, लोहारकाम सोडलं, ढोल गळ्यात घातले. त्याच वर्षी ब्लिझार्डनं नियम बदलला: ढोल ऐकला की कानठळ्या बसतात आणि दोन मिनिटं दुसऱ्या ढोलाचा असर होत नाही. रातोरात चारांतले तीन ढोल बिनकामाचे.

त्यातून मी एक पथ्य पाळतो. ज्या फायद्यासाठी अख्खा सर्व्हर एकाच प्रोफेशनकडे धावतोय, तो फायदा कंपनीच्याही नजरेत आलेला असतो. तो टिकेल असं धरून मोठा खर्च करू नये. पुढे २०१४ च्या ‘वॉरलॉर्ड्स ऑफ ड्रेनॉर’मध्ये तर मुख्य गेममधून प्रोफेशनचे हे लढाईचे फायदे काढूनच टाकले. क्लासिक त्या मुक्कामाला पोचलं तर वरचं सगळं गणित रद्दीत जाईल.

सोडायच्या आधी अंगावरचं एकदा तपासा. काही वस्तू बनवलेल्या असल्या तरी वापरायला प्रोफेशन चालू असावं लागतं. इंजिनिअरांचे बर्निंग क्रुसेडमधले चष्मे स्किल ३५० असल्याशिवाय डोळ्यावर चढत नाहीत. शिंप्यांचा उडता गालिचा शिंप्यालाच उडवतो. शिवणकाम सोडलं की गालिचा पिशवीत गुंडाळून ठेवायचा. ब्लॅकस्मिथच्या त्या दोन खाचाही प्रोफेशन सुटलं की मिटतात, त्यातल्या खड्यांसकट.

याच नियमाची उलट बाजू वापरून जुन्या व्हॅनिला क्लासिकमध्ये, म्हणजे गेमच्या अगदी पहिल्या आवृत्तीत, लोकांनी एक गमतीदार खेळी केली होती. इंजिनिअरिंगमध्ये दोन घराणी असतात, नोम आणि गॉब्लिन. नोमांकडे चमत्कारिक यंत्रं, गॉब्लिनांकडे सॅपर चार्जसारखे बॉम्ब. काही नोम यंत्रं बनवायला घराणं लागतं, पण वापरायला नुसतं इंजिनिअरिंग पुरतं. मग लोक आधी नोम घराण्यात जायचे, लढाऊ कोंबडीसारखी यंत्रं बनवून पिशवीत टाकायचे, इंजिनिअरिंग पूर्ण सोडायचे, पुन्हा पहिल्यापासून चढवून गॉब्लिन व्हायचे. दोन्ही घरचे पाहुणे! एवढे कष्ट करून सोडून परत तेच घेण्याचं समर्थन करता येईल असं मला माहीत असलेलं हे एकच उदाहरण.

इंजिनिअरिंगबद्दल माझा पक्षपात उघड सांगतो. ते तुमच्याकडे असेल तर सहसा सोडू नका. हातमोज्यातलं यंत्र दर मिनिटाला बारा सेकंद ३४० हेस्ट (हल्ल्याचा वेग) देतं ते आहेच, पण बुटातले रॉकेट, झग्यातलं पॅराशूट, रानात उभी करता येणारी टपालपेटी, सामान दुरुस्त करणारा यंत्रमानव, हे ऐंशी विरुद्ध ऐंशीच्या हिशेबात बसत नाही. आगीच्या डबक्यात सापडल्यावर बुटाचं बटण दाबून बाहेर पडलेला माणूस जिवंत असतो आणि मेलेल्याची अटॅक पॉवर कुणी मोजत नाही.

पैशाच्या वाटेबद्दल थोडं. ‘माइनिंग आणि ब्लॅकस्मिथिंगची जोडी स्वस्त पडते, धातू घरचा’ ही समजूत मीही कवटाळली होती. घरचा धातू फुकट नसतो. तो ऑक्शन हाउसवर विकला असता तर जे गोल्ड आलं असतं, तेवढीच त्याची किंमत. शंभर गोल्डच्या धातूची ऐंशी गोल्डची ढाल बनवून विकली तर वीस गोल्ड तोटा, मग धातू स्वतः खणलेला असो वा विकत घेतलेला. वर विक्रीवर ऑक्शन हाउसचे पाच टक्के कापले जातात. शिवाय रॅथमध्ये लेव्हल चढवताना बनवलेल्या बहुतेक ढाली-चिलखतांना कुणी विचारत नाही; ती दुकानदाराला कवडीमोलानं जातात.

म्हणून पैशासाठी दुसरं पात्र. त्याला फार मोठं करावंही लागत नाही. व्हॅनिलात पस्तिसाव्या लेव्हलला स्किल ३०० पर्यंत नेता येतं, त्यामुळे लोक मुद्दाम पस्तीसचा एक शिंपी किंवा वैद्य काढून शहरात बसवून ठेवत. तो कधी लढला नाही. काही दिवसांतून एकदा उठून मूनक्लॉथ विणायचं किंवा आर्केनाइट बनवायचं आणि टपालात टाकायचं. रॅथमध्ये वरचा परवाना पासष्टाव्या लेव्हलला मिळतो, म्हणजे थोडं जास्त चालावं लागतं, तरी एकदा काढलेलं पात्र तुमचं कुठलंही प्रोफेशन न पुसता कामाला लागतं.

आजच्या मुख्य वॉवमध्ये चित्र निराळं आहे. नोव्हेंबर २०२२ च्या ‘ड्रॅगनफ्लाइट’नं प्रोफेशनची पुनर्बांधणी केली. वस्तूंना दर्जा आला, ग्राहक कारागिराला ऑर्डर देऊ लागले, आणि प्रत्येक प्रोफेशनमध्ये ज्ञानाचे पॉइंट आले, जे बरेचसे आठवड्याच्या हप्त्यानं मिळतात. तिथे नवं प्रोफेशन घेणाऱ्याची खरी अडचण स्किलची नसते. त्याच्या शेजारच्या कारागिरानं वीस आठवड्यांचे हप्ते भरलेले असतात. ऑगस्ट २०२४ च्या ‘द वॉर विदिन’मध्ये मागे पडलेल्यांना गाठता यावं अशी सोय केली, आणि एका खात्यातल्या सगळ्या पात्रांना मिळून एक सामायिक कोठारही दिलं. तरी तिथे कारागिरीवर कमवायचं असेल तर विस्ताराच्या पहिल्या आठवड्यात ठरवून बसणाराच ग्राहक बांधतो. मधे बदल केलात तर तुमच्याकडे येणारा ग्राहक आधी कुणाचा तरी झालेला असतो.

फायनल फॅन्टसी चौदावाल्यांना हा सगळा लेख विनोदी वाटेल. तिथे एकच पात्र आठही कारागिऱ्या आणि गोळा करायच्या तिन्ही विद्या शिकू शकतं. गिल्ड वॉर्स दोनमध्ये एका वेळी दोनच चालतात, पण सोडलेल्याकडे परत गेलं की थोडं शुल्क भरून जिथे सोडलं तिथून पुढे. पुसून टाकण्याची शिक्षा क्लासिक वॉवचीच, आणि खरं सांगायचं तर त्यामुळेच तिथे ‘हा आमचा ज्वेलक्राफ्टर’ या वाक्याला वजन असतं.

बदलायचं पक्कं ठरलंच, तर त्या दिवसाचं वेळापत्रक असं ठेवा. नव्या प्रोफेशनचा सगळा माल आधी बँकेत जमवा, शेवटच्या सळीपर्यंत. यादी करताना दर टप्प्यावर दहा-पंधरा टक्के जादा धरा, कारण पिवळ्या रंगाची रेसिपी दर वेळी पॉइंट देत नाही. दोन रेडच्या मधला दिवस निवडा, रेडच्या दिवशी नको. आमचा गिल्ड युरोपच्या सर्व्हरवर. तिथे रात्रीचे आठ म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे साडेबारा. मी माइनिंग सोडलं ते नेमकं रेडच्या रात्री, अकरा वाजता, ‘दीड तासात होतंय’ म्हणून. सव्वाबाराला स्किल ३४० ला अडकलं, ऑक्शन हाउसवर हवा तो खडा एकही शिल्लक नाही, आणि व्हॉइस चॅटवर चोवीस जण माझी वाट बघतायत. मित्रानं माइक चालू करून शांतपणे विचारलं, “काय रे, आज काय सोडलंस?”